जाहिरात एजन्सीत पाच वर्षांच्या आत चार बढत्या: आता खालचे पद घेऊन नोकरी बदलावी का?

प्रश्न

नमस्कार. मी मूळची औसा तालुक्यातील. जून 2021 पासून छत्रपती संभाजीनगरमधील एका जाहिरात एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंगचे, म्हणजे ग्राहक कंपन्या सांभाळण्याचे, काम करते. प्रशिक्षणार्थी म्हणून लागले, वर्षभरात अकाउंट एक्झिक्युटिव्ह झाले, पुढे सीनियर एक्झिक्युटिव्ह, अकाउंट मॅनेजर आणि गेल्या दिवाळीपासून ग्रुप अकाउंट मॅनेजर. यांतली निदान दोन पदे वरची व्यक्ती पुण्याला निघून गेल्यामुळे माझ्याकडे आली, हे मी मान्य करते. आज माझ्या हाताखाली सात जण आहेत आणि जालन्याच्या एका बियाणे कंपनीची खरीप मोहीम मी सांभाळते.

पुण्यातील एका मोठ्या एजन्सीने मला सीनियर अकाउंट एक्झिक्युटिव्हचे पद देऊ केले आहे, म्हणजे मी केव्हाच मागे टाकलेले पद. पगार सुमारे 20 टक्क्यांनी जास्त आहे, परंतु त्यातला बराचसा घरभाड्यात जाईल. मॅनेजरची पाटी सोडून खाली उतरू नये, असे वडिलांना वाटते. मुलाखतीत मात्र मला विचारले गेले की, वर्षभराच्या माध्यम-खर्चाचे, म्हणजे कोणत्या माध्यमात जाहिरातीवर किती खर्च करायचा याचे, नियोजन तुम्ही स्वतः केले आहे का, आणि मला नाही म्हणावे लागले. आमच्याकडे ते संचालकच करतात. तो प्रश्न अजून मनातून जात नाही. पुण्याच्या एजन्सीला एका आठवड्यात उत्तर द्यायचे आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

ताई, मी नांदेडला सुरुवात करून सतरा वर्षे याच व्यवसायात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या भागातील एजन्सी रिटेनरवर, म्हणजे क्लायंटकडून दरमहा मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेवर, चालते. रिटेनर वाढत नाही तोवर मालकाला पगारही फारसा वाढवता येत नाही, आणि चांगला माणूस तर टिकवायचा असतो. मग पगाराऐवजी पद वाढते. शिवाय बैठकीला 'मॅनेजर' आला की क्लायंटलाही बरे वाटते. याचा अर्थ तुमची बढती खोटी आहे असा मुळीच नाही, परंतु तिचे माप त्या कार्यालयापुरते असते.

म्हणून पद बाजूला ठेवून गेल्या वर्षाचे काम कागदावर मांडा. क्लायंटकडून ब्रीफ, म्हणजे काय हवे याचा तपशील, घेऊन ते क्रिएटिव्ह विभागाला समजेल असे कोणी लिहिले? ठरल्यापेक्षा जास्त काम मागितले गेले तेव्हा वाढीव दर कोणी मागितला? थकलेले बिल कोणी वसूल केले? ज्या ज्या ठिकाणी तुमचे नाव येईल, तो तुमचा खरा अनुभव, आणि पुण्यात बोलणी करायची ती त्याच्या जोरावर.

राहिला प्रश्न वेळेचा. बियाण्यांच्या मोहिमेत भिंती रंगवणे, विक्रेत्यांचे मेळावे, गावोगाव फिरणारी प्रचारगाडी हे सारे पेरणीआधी उरकावे लागते, आणि कोणत्या तालुक्यात माल उठला हे त्यानंतरच कळते. आता फेब्रुवारीत गेलात तर तुम्ही आखलेल्या मोहिमेचे फळ तुम्हालाच दिसणार नाही आणि पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखा पुरावाही हाती राहणार नाही. जूनअखेरीस रुजू होण्याची मुभा मागा.

उत्तर 2

वरील सल्ल्यातील खरिपापर्यंत थांबण्याचा भाग मला पटतो, परंतु त्यापुढे थांबू नका. मी परभणीची. सत्ताविसाव्या वर्षी एका छोट्या एजन्सीत क्रिएटिव्ह प्रमुख झाले आणि त्या पाटीच्या मोहात आणखी चार वर्षे काढली. नंतर नोकरी शोधताना प्रत्येक ठिकाणी एकच अडचण आली: पदाच्या मानाने अनुभव तोकडा आणि अनुभवाच्या मानाने पगाराची अपेक्षा मोठी. अखेर दोन पायऱ्या खाली उतरूनच पुण्यात आले.

पहिले चार महिने फार जड गेले, कारण माझी वरिष्ठ माझ्यापेक्षा वयाने लहान होती. तिने माझ्या पहिल्या माध्यम-आराखड्यावर लाल खुणा करून तो परत दिला, तेव्हा लक्षात आले की इतक्या वर्षांत माझे काम कोणी तपासलेच नव्हते. लवकर वर गेलेल्या माणसाचे हेच मोठे नुकसान होते, कारण शिकवणारे कोणी वर उरत नाही. एक गोष्ट मात्र नक्की करा: सहा महिन्यांनी पदाचा फेरविचार होईल, हे नियुक्तिपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर मी दीड वर्ष वाट पाहिली.

उत्तर 3

मी मनुष्यबळ विभागात काम करतो, त्यामुळे पैशाची बाजू सांगतो. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षांची सेवा लागते आणि तुमची ती जूनमध्ये पूर्ण होते. हिशेब शेवटच्या मूळ वेतनावर, महागाई भत्त्यासह, 15 भागिले 26 या प्रमाणात दर वर्षासाठी होतो. समजा ते 26,000 रुपये असेल तर पाच वर्षांचे 75,000 रुपये. नोटीसचा कालावधी मोजून राजीनाम्याची तारीख ठरवा, म्हणजे शेवटचा दिवस पाच वर्षांनंतर येईल. भविष्य निर्वाह निधी काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) नव्या खात्यात वर्ग करा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी संस्थेत जाऊ नये, अशी अट करारात असली तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे ती सहसा टिकत नाही. क्लायंटची गोपनीय माहिती मात्र सोबत नेऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल पुण्याला फोन केला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रुजू होण्यास त्यांनी होकार दिला असून सहा महिन्यांनंतरच्या फेरविचाराचे कलम सुधारित पत्रात येणार आहे. ते पत्र हाती आल्याशिवाय राजीनामा देणार नाही. वडिलांशी रविवारी औशाला जाऊन समोरासमोर बोलणार आहे.