सत्तरचं दशक: गावाकडे रेडिओ सिलोन खणखणीत, विविध भारती खरखरीत. का?

लेखनिक
त्या काळातल्या रेडिओ श्रोत्यांवर लेख करतोय. विविध भारती 1957 पासून आहे. 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई-पुणे-नागपूरवर तिची जाहिरात सेवा सुरू झाली. तरी गावोगाव गाण्यांसाठी सिलोनच, म्हणजे कोलंबोचं (आजच्या श्रीलंकेतलं) केंद्र. नुसती सवय, की तांत्रिक कारण? आणि श्रोते मोजायला सेटमागे घ्याव्या लागणाऱ्या रेडिओ लायसन्सचे आकडे चालतील का?

फेराइट_रॉड
सवय होतीच; 1952 नंतर आकाशवाणीने सिनेसंगीताला आखडता हात घेतला तेव्हाच ती लागली. पण जाहिरात सेवा मीडियम वेव्हवर होती. ही लहर दिवसा जमिनीला धरून जाते. वर गेलेला भाग आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा ‘डी’ थर गिळतो. अंधार पडला की तो थर विरतो, लांबची केंद्रं येऊन एकमेकांत मिसळतात आणि शिट्टी वाजते. थोडक्यात, शहरापासून लांब दिवसा सिग्नल क्षीण, रात्री गोंगाट. सिलोन मात्र शॉर्टवेव्हवर, 25 आणि 41 मीटरच्या पट्ट्यांत. कोलंबो-पुणे अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, म्हणजे आयनांबराच्या वरच्या थरावर एकदा आपटून लहर नेमकी इकडे उतरते. आवाज चढतो-उतरतो, पण गाणं कळतं.

मीटरबँड
एक भर. विविध भारती सुरू झाली तीच मुंबई-मद्रासच्या शॉर्टवेव्हवरून, त्यामुळे ती फक्त शहराची असं लिहू नका. खरा प्रश्न घरात सेट किती बँडचा. एकाच बँडच्या, म्हणजे फक्त मीडियम वेव्हच्या, स्वस्त ट्रान्झिस्टरवर सिलोन लागायचंच नाही. तिथे जवळच्या केंद्राच्या बातम्या, बाजारभाव, शेतीचे कार्यक्रम.
जुन्या माणसांनी सांगितलेल्या डायलवरच्या जागेवरही विसंबू नका. आयएफ (सेटच्या आतली ठरलेली मधली वारंवारता) 455 किलोहर्ट्झ असलेल्या साध्या सेटवर जोरदार शॉर्टवेव्ह केंद्र आपल्या खऱ्या जागेपेक्षा 910 किलोहर्ट्झने (आयएफच्या दुपटीने) खालीही लागतं. 11800 किलोहर्ट्झचं केंद्र 10890 वर ‘सापडतं’. ती त्याच केंद्राची प्रतिमा असते, दुसरं केंद्र नव्हे.

जुना_डायल
लायसन्स पोस्टातून, वर्षाला 15 रुपये. त्यावरून फार तर सेट मोजता येतील, कान नाही. चावडीवरच्या एका सेटभोवती किती माणसं बसली, हे लायसन्सच्या नोंदीत नसतं. आणि विनालायसन्स ट्रान्झिस्टर तर पिशवीतही मावायचा. पुणे केंद्राच्या 1956 च्या शेतकरी मंडळांच्या प्रयोगात सुमारे दीडशे गावं होती. एकत्र ऐका, चर्चा करा, मग करून बघा, अशी रीत. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तसं हे ऐकणं चावडीवरून गोठ्यात, बांधावर गेलं.
‘टीव्ही आला, रेडिओ संपला’ हे वाक्य मात्र गाळा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 चं. त्याने पहिल्यांदा संध्याकाळ खाल्ली ती मुंबईची. सकाळ-दुपार रेडिओचीच राहिली.

लेखनिक
म्हणजे तालुकावार नाही, बँडवार मांडणी करायची. जुन्या नियतकालिकांत मीटर दिलेत, काहींत किलोहर्ट्झ. ते कसं जुळवायचं?

फेराइट_रॉड
3,00,000 ला किलोहर्ट्झने भागा, मीटर येतात. 1188 म्हणजे 252.5 मीटर. फक्त तारीख बघा: 23 नोव्हेंबर 1978 पासून मीडियम वेव्हवर दोन शेजारच्या जागांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर लागू झालं आणि केंद्रांचे आकडे सरकले. त्याआधीच्या अंकातला आकडा नंतरच्या यादीत शोधू नका.