दुसरीतल्या मुलांची वाक्यं आणि वाचन

एका ताईंनी विचारलंय, दुसरीतला मुलगा धडा घडाघडा वाचतो पण काय वाचलं ते त्याला सांगता येत नाही, तर काय करावं? आधी त्याला घरच्या बोलीत बोलू द्या. आमच्या लातूरकडं मूल 'आजी भाकर करायलीय' म्हणतं. तेच वाक्य फळ्यावर लिहा, लगेच दुरुस्त करू नका. मग कुठं, कशाची असं विचारत वाढवा: 'आजी चुलीवर ज्वारीची भाकर करायलीय.' पुस्तकातलं 'करत आहे' नंतर येतंच.

आकलनासाठी नुसतं 'कोण' विचारून भागत नाही, ते उत्तर ओळीतच सापडतं. 'का?' विचारा, आणि पान उलटायच्या आधी 'आता पुढं काय होईल?' प्रश्नोत्तरं पाठ करून घेणं मात्र बंद. गाईड तर दप्तरातच नको!