संगीत मासिकासाठी प्रकाशक कसा निवडायचा? (आणि वाचक मासिक का निवडतो?)

अवनी_बी

नमस्कार मंडळी,

मी माध्यम अभ्यासाची विद्यार्थिनी. शेवटच्या सत्राचा प्रकल्प असा आहे: एका नव्या संगीत मासिकाची कल्पना मांडायची, मुखपृष्ठ आणि आतली चार पानं स्वतः तयार करायची, आणि ते कोणता प्रकाशक काढेल हे कारणांसह लिहायचं. बाजार ब्रिटनचा धरायचा, कारण वर्गात आम्ही तिथलीच मासिकं शिकलो.

माझं मासिक 16 ते 24 वयाच्या, गिटारवाल्या नव्या बँडचं वेड असलेल्या मुलामुलींसाठी आहे. प्रकाशक म्हणून बाउअर घेतलंय. 'मोजो' त्यांचं, 'क्यू' आणि 'केरँग!' पूर्वी त्यांच्याकडे होती, शिवाय रेडिओ स्टेशनं आहेत. मग 'वापर आणि समाधान' सिद्धांत (लोक माध्यम कशासाठी वापरतात आणि त्यातून काय मिळवतात) लावला: माहिती, स्वतःची ओळख, इतरांशी नातं, विरंगुळा. प्रत्येकाखाली दोन-दोन वाक्यं.

मॅडमनी समासात एवढंच लिहिलंय: "हे बागकामाच्या मासिकालाही चालेल." रागही येत नाही, कारण खरंच चालतंय. मी 'बँड' खोडून 'गुलाब' लिहून बघितलं.

तर, प्रकाशक निवडताना नाव मोठं असण्यापलीकडे काय बघतात? आणि हा सिद्धांत कुठेही चिकटेल असा न लावता नेमका कसा लावायचा?

---

टेपरेकॉर्डर

प्रकाशक राहू दे, मासिक घेणार कोण? 16 वर्षांच्या पोराकडे गाणं, मुलाखत, गाण्याचे बोल आणि त्याच बँडच्या वेड्यांचा ग्रुप, सगळं एका फोनमध्ये. 'कोणीही काढणार नाही' असं लिहून मोकळी हो.

---

परतीचे_अंक

टेपरेकॉर्डर चेष्टेत बोलले, पण खरा प्रश्न तोच आहे. अवनी, तुझ्या मॅडमनी अर्धं उत्तर देऊन ठेवलंय.

मी बरीच वर्षं एका संगीत मासिकाच्या वर्गणी विभागात होतो. संपादकीय नव्हे. पत्ते, नूतनीकरणाची पत्रं, अंक न मिळाल्याच्या तक्रारी, असलं खातं. अंकात वर्गणीचं कुपन असायचं, तुटक रेषेवर कापून पाठवायचं. येणाऱ्या लिफाफ्यांचे सरळ दोन ढीग पडायचे. एकात कापलेली कुपनं. दुसऱ्यात झेरॉक्स, नाहीतर पट्टी घेऊन हाताने आखलेलं कुपन, पत्त्याच्या चौकोनांसकट, आणि वर एक ओळ: अंक कापवत नाही, चालवून घ्या. कापणाऱ्यांना त्या महिन्यात काय चाललंय ते हवं असायचं. आखणाऱ्यांना अंकच हवा असायचा. पुढे बातम्या नेटवर फुकट मिळायला लागल्या तेव्हा पहिला ढीग भराभर आटला. दुसऱ्याला फारसा धक्का लागला नाही.

आता तुझे चार मथळे. ते 1972 साली मॅक्वेल, ब्लमलर आणि ब्राउन यांनी मांडले, तेही ब्रिटनमधल्या टीव्ही आणि रेडिओच्या प्रेक्षक-श्रोत्यांना विचारून. मासिक डोळ्यांसमोर नव्हतंच. ते सगळ्याला बसतात यात नवल नाही, गुलाबालाही बसणारच. पण कॅट्झ, ब्लमलर आणि गुरेविच यांनी 1974 मध्ये जी गृहीतकं लिहून ठेवली, त्यातलं एक विद्यार्थी हमखास गाळतात: माध्यमाची स्पर्धा गरज भागवणाऱ्या बाकी सगळ्या साधनांशी असते. प्रत्येक मथळ्याखाली हे विचार. माहिती हवी, बरं, पण ती आणखी कोण देतं आणि काय भावात? हे विचारलं की बागकामाचं मासिक आपोआप बाहेर पडतं, कारण त्याचे स्पर्धक वेगळे आहेत.

'स्मॅश हिट्स' घे. 1978 साली सुरू झालं, निक लोगनने काढलं. गाजलेल्या गाण्यांचे बोल छापायचे हा त्याचा हुकमी एक्का. गाणं रेडिओवर लागलं की निसटून जायचं, मग बोल कुठून आणणार? भर जोरात असताना अंक दहा लाखांच्या घरात गेला. 2006 च्या फेब्रुवारीत बंद. तोवर बोल नेटवर होते आणि गायकांचे चेहरे टीव्हीच्या संगीतवाहिन्यांवर दिवसभर.

'एनएमई'चं (न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, ब्रिटनचं संगीत साप्ताहिक) काम आणखी निराळं. ब्रिटनमधला पहिला खपाचा तक्ता त्यांनी नोव्हेंबर 1952 मध्ये छापला, रेकॉर्डच्या वीसेक दुकानांना फोन करून. लोक मात्र छोट्या जाहिरातींसाठीही ते घ्यायचे. लिबर्टी रेकॉर्ड्सने 1967 मध्ये 'एनएमई'त जाहिरात दिली होती, नव्या कलाकारांसाठी. तिला रेजिनल्ड ड्वाइट नावाच्या मुलाने उत्तर पाठवलं आणि बर्नी टॉपिन नावाच्या दुसऱ्या मुलानेही. पहिल्याचं नाव पुढे एल्टन जॉन झालं. 'मेलडी मेकर'ची मागची पानंही वादक शोधणाऱ्यांनी भरलेली असायची. 'इतरांशी नातं' म्हणून तू लिहितेस ते पुष्कळदा असं होतं: ड्रमर पाहिजे, संपर्क साधा. ते काम गेलं आणि पानांसोबत वाचकही गेला. 'मेलडी मेकर' 2000 च्या अखेरीस 'एनएमई'त विलीन झालं.

प्रकाशकाबद्दल. बाउअरने 'क्यू', 'मोजो', 'केरँग!' एकएक करून जमवली नाहीत. ईमॅप या कंपनीचा मासिकांचा आणि रेडिओचा धंदा त्यांनी 2008 साली एकगठ्ठा घेतला, त्यात ती आली. पुढचं बघ. 'केरँग!' 2017 मध्ये वेस्टेड टॅलेंट या कंपनीला विकलं, पण केरँग रेडिओ स्वतःकडे ठेवला! 'क्यू' जुलै 2020 मध्ये बंद. 'मोजो' चालू. मालक एक, छापणारे-वाटणारे तेच, आणि तीन मासिकांच्या तीन तऱ्हा. तेव्हा 'बाउअर मोठं आहे म्हणून' हे कारण कारणच नव्हे.

'क्यू' का गेलं? करोनाने शेवटचा धक्का दिला हे खरं, पण दुखणं जुनं. 1986 साली ते निघालं तेव्हा सीडी नवी होती. हातात पैसा असलेला, वयाने थोडा पुढचा श्रोता जुने अल्बम सीडीवर पुन्हा घेत होता. अशा माणसाला दरमहा दाट छापलेली परीक्षणं आणि तारे हवे होते, कारण चुकीची सीडी घेतली की पैसे बुडाले. आता अल्बम ऐकून बघायला काहीच पडत नाही. फसण्याची भीती गेली, मग ताऱ्यांना विचारतो कोण? माझ्या मते परीक्षण हा प्रकार चांगलं लिहिलेलं वाचण्यासाठी उरलाय, सल्ला म्हणून नाही. 'मोजो' 1993 पासून जुन्या रेकॉर्डिंगच्या खोलात शिरणारे लांब लेख देतं, अंकासोबत सीडी देतं. म्हणजे हाताने कुपन आखणारा वाचक. त्याला नेटवर तुकडे मिळतील, तो अंक मिळणार नाही.

तुझा वाचक यातला नाही, म्हणून बाउअर मला पटत नाही. त्या वयाच्या वाचकाचं छापील साप्ताहिक, 'केरँग!', त्यांनी स्वतःच विकून टाकलंय.

---

निरुपमा_ग

कुपनाचे ढीग आवडले. एक हरकत घेते.

लोक माध्यम का निवडतात हे लोकांनाच विचारून कळतं, असं धरून चालणं धोक्याचं आहे. 1945 साली न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं पोचवणाऱ्यांचा दोनेक आठवडे संप झाला. बर्नार्ड बेरेल्सनने त्या दिवसांत वाचकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1949 मध्ये त्यावर लिहिलं. जवळजवळ सगळे म्हणाले, गंभीर बातम्यांसाठी पेपर लागतो. पण कोणती बातमी अर्धवट राहिली ते सांगा म्हटल्यावर बहुतेकांना सांगता येईना. चुटपूट लागली होती ती रोजची सवय मोडल्याची, चारचौघांत बोलायला विषय नसल्याची, रेडिओचे कार्यक्रम कुठे बघायचे याची. तेव्हा अवनी, "तुम्ही मासिक का वाचता?" अशी प्रश्नावली काढू नकोस, छान-छान उत्तरं येतील. एखादं मासिक बंद पडलं किंवा सोडलं त्यानंतर त्या वेळात काय करू लागलात, ते विचार.

दुसरं, 'निवड' हा शब्द जरा जपून वापर. स्टॉलवर जे मांडलंय त्यातूनच माणूस निवडतो, आणि काय मांडायचं ते दुकानांच्या साखळ्या आणि वितरक ठरवतात. 'एनएमई'चा विकत जाणारा खप सुमारे 15 हजारांवर आला होता. सप्टेंबर 2015 पासून ते फुकट वाटायला लागले, स्टेशनांवर, विद्यापीठांत. वाटप 3 लाखांवर गेलं, म्हणजे साठच्या दशकातल्या वैभवाच्या दिवसांएवढं. मार्च 2018 मध्ये छापील अंक तरीही बंद. त्या 3 लाख लोकांनी 'एनएमई' निवडलं होतं का? समोर आलं म्हणून घेतलं. सिद्धांत म्हणतो वाचक सक्रिय असतो. फुकटच्या अंकापाशी ते मला पटत नाही.

---

अवनी_बी

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. काका (चालेल ना?), मग बाउअर नाही तर कोण? वर्गातल्या निम्म्या जणांनी फ्यूचर हा प्रकाशक घेतलाय.

आणि निरुपमाताई, कालच एका मित्राला तुमच्या पद्धतीने विचारलं. तो पूर्वी एक संगीत मासिक घ्यायचा. म्हणाला, आता त्या वेळात फोनवर तेच वाचतो. काय वाचतोस म्हटलं तर गप्प. मग म्हणाला, पोस्टर मात्र अजून भिंतीवर आहे.

---

परतीचे_अंक

काका चालेल.

पोस्टर लिहून ठेव, हसण्यावारी नेऊ नकोस. फोनमधून भिंतीवर काही लावता येत नाही.

फ्यूचर घेण्याआधी एक ठरव: तुझा वाचक बँड ऐकतो की बँडमध्ये वाजवतो? फ्यूचरकडे गिटार वाजवणाऱ्यांची मासिकं आहेत, म्युझिकरडारसारखी साइट आहे. तिथे वाचक पेडल किंवा अँप शोधत येतो, दुव्यावरून विकत घेतो, आणि प्रकाशकाला त्यात दलाली मिळते. वाजवणारा वाचक असेल तर फ्यूचर घे, डोळे झाकून. नुसता चाहता असेल तर तो येऊन-जाऊन एक टी-शर्ट घेईल, तोही बँडकडून.

एक जुनी गोष्टही बघून घे. 'मेटल हॅमर' आणि 'क्लासिक रॉक' फ्यूचरने 2013 मध्ये टीमरॉक या कंपनीला विकली. टीमरॉक 2016 च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर कोलमडली, माणसं घरी बसली. तेव्हा एका बँडच्या गायकाने हाक दिली आणि वाचकांनी त्या कर्मचाऱ्यांसाठी पैसे दिले. महिन्याभरात फ्यूचरने तीच मासिकं 8 लाख पौंडांना परत घेतली, विकली होती त्याच्या कितीतरी कमी किमतीत. मोठा प्रकाशक मासिकाकडे असं बघतो. वाचकांनी पदरमोड केली ती छापणाऱ्या कंपनीसाठी नव्हती, लिहिणाऱ्यांची नावं माहीत होती म्हणून. याला चारातला कोणता मथळा देशील ते तू ठरव. मी 'नातं' दिला असता.

तुझ्यासारख्या मासिकाला मी लहान, स्वतंत्र प्रकाशक घेतला असता. 'द वायर' बघ: 1982 चं मासिक, 2001 च्या सुमारास कर्मचाऱ्यांनीच विकत घेतलं, अवघड आणि प्रायोगिक संगीतावर लिहितं, अजून निघतंय. खप लहान, पण वर्गणीदार पक्का. स्टॉलवर अंक ठेवला की न खपलेले परत येतात आणि छपाईचा खर्च आपल्या डोक्यावर राहतो. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. वर्गणीवर चालणाऱ्याला तेवढेच छापता येतात.

निरुपमाबाईंची निवडीवरची हरकत मान्य. फक्त एक जोड देतो: पोस्टाने घरी येणारा अंक लोकांनी निवडलेलाच असतो.

---

टेपरेकॉर्डर

बरं, शब्द मागे. पण 16 वर्षांचं पोर वर्षाची वर्गणी एकदम भरेल?

---

परतीचे_अंक

नाही भरणार. आमच्याकडे त्या वयाच्या बऱ्याच नावांची वर्गणी आई, आत्या नाहीतर आजी भरायची, वाढदिवसाची भेट म्हणून. पैसे भरणारं नाव वेगळं आणि अंकावरचा पत्ता वेगळा, असे अर्ज आम्ही बाजूला काढून ठेवायचो, कारण नूतनीकरणाचं पत्र पोराला पाठवून उपयोग नसायचा. अवनी, तुझ्या प्रकल्पात वाचक आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे परिच्छेद कर. आणि त्रैमासिक काढ, मासिक नको. वर्षाला चार अंक म्हटले की आजीही फार घासाघीस करत नाही.