शब्दचर्चा : ‘पुन्हा त्याच भूमिकेत’ – रिप्रीझ, रिव्हायव्हल, रियुनियन आणि रीबूट

विचारणा
मनोरंजनाच्या पानावर हे वाक्य दर आठवड्याला दिसतं : ‘गाजलेल्या विनोदी मालिकेतली जोडी अनेक वर्षांनी पुन्हा एकत्र, जुन्या भूमिका पुन्हा साकारणार.’ मूळ इंग्रजी बातमीत यासाठी रिप्रीझ, रिव्हायव्हल, रियुनियन, रीबूट असे निदान चार वेगळे शब्द असतात. मराठीत आल्यावर चारही शब्दांचं सरसकट ‘पुनरागमन’ होतं. (उच्चार ‘रिप्रीझ’च. ‘रिप्राइझ’ हे स्पेलिंग बघून आलेलं आहे.) नेमकं काय लिहावं? शिवाय ‘को-स्टार’ला ‘सहकलाकार’ आणि ‘क्लासिक’ला ‘अभिजात’ चालेल का?

संहितावाचक
शब्द शोधण्याआधी बातमीला तीन प्रश्न विचारा. कलाकार तोच आहे का? पात्र तेच आहे का? कथा पुढे गेली आहे का?

‘फ्रेंड्स’चा २०२१मधला कार्यक्रम घ्या. सहाही कलाकार आले, जुन्या सेटवर फिरले, काही प्रसंगांचं वाचनही केलं, पण आले ते स्वतः म्हणून. पात्रांचं पुढे काय झालं हे त्यात कुठेच नाही. हे रियुनियन. मराठीत ‘स्नेहमेळावा’ किंवा ‘कलाकारांची पुनर्भेट’. ‘जुन्या भूमिकेत परतले’ असं याबद्दल लिहिणं सरळ चूक आहे आणि त्या वेळी तसं सर्रास लिहिलं गेलं.

‘विल अँड ग्रेस’ १९९८ ते २००६ चालली आणि २०१७मध्ये तेच चार मुख्य कलाकार, तीच पात्रं, नव्या कथा घेऊन परत आली. इथे तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’. हे रिव्हायव्हल, आणि त्यातल्या प्रत्येक कलाकाराने केलं ते रिप्रीझ.

‘वन डे ॲट अ टाइम’ १९७५ची. २०१७मध्ये त्याच नावाने आली तेव्हा कुटुंब क्यूबन-अमेरिकन, कलाकार नवे. एकट्या आईने मुलं वाढवण्याची मांडणी तेवढी जुनी. हे रीबूट. मराठीत ‘नव्याने मांडलेली मालिका’.

थोडक्यात, रिप्रीझ ही कलाकाराची कृती आहे. बाकी तीन शब्द कार्यक्रमाचे प्रकार सांगतात. एका वाक्यात दोन्ही आले तर दोन वेगळे मराठी शब्द लागणारच.

नाट्यवेडा
रिव्हायव्हलला ‘पुनरुज्जीवन’ सुचवणार असाल तर जरा थांबा. मराठी रंगभूमीवर ‘पुनरुज्जीवित नाटक’ म्हटलं की संहिता जुनी आणि बहुतेक वेळा कलाकार नवे, हे जाहिरात वाचणाऱ्याला न सांगता कळतं. मालिकांच्या रिव्हायव्हलमध्ये बरोबर उलटं असतं : माणसं जुनी, संहिता कोरी करकरीत. नाटकात लेखन परततं, मालिकेत चेहरे परततात. त्यामुळे ‘मालिकेचं पुनरुज्जीवन’ वाचणाऱ्याला जुनेच भाग नव्या नटांकडून करून घेतले असं वाटू शकतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, तोही नाटकाच्या जाहिरातीतलाच : मूळ संच. ‘मूळ संचात, नव्या कथेसह’ या चार शब्दांत रिव्हायव्हल पूर्ण येतं.

उपशीर्षककार
‘मूळ संचात’ हे वचन आहे, जपून द्यावं. ‘फ्रेझर’चं उदाहरण जवळून बघा, कारण एकाच मालिकेत सगळे प्रकार सापडतात. मूळ मालिका १९९३ ते २००४, नवी २०२३ची.

केल्सी ग्रामर (फ्रेझर) : कलाकार तोच, पात्र तेच. ‘भूमिकेत परतला.’

पेरी गिल्पिन (रॉझ) आणि बेबे न्यूवर्थ (लिलिथ) : आल्या, पण सुरुवातीला पाहुण्या म्हणून. ‘पाहुणी कलाकार’ हा श्रेयनामावलीतला दर्जा झाला, भूमिका मात्र जुनीच. म्हणून ‘पाहुणी भूमिका’ लिहू नका. ‘पाहुणी कलाकार म्हणून आपल्या जुन्या भूमिकेत’ असं लिहा.

फ्रेडी, म्हणजे फ्रेझरचा मुलगा : पात्र तेच, कलाकार नवा. जुन्या मालिकेत ट्रेव्हर आइनहॉर्न होता, नव्यात जॅक कटमोर-स्कॉट. हे रिप्रीझ नव्हे. नाटकवाले याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि तो शब्द मराठीत पक्का रुळला आहे. बातमीत ‘…च्या जागी’ पुरतं.

नाइल्स, म्हणजे फ्रेझरचा भाऊ : डेव्हिड हाइड पिअर्स आला नाही. त्या पात्राचा मुलगा मात्र कथेत आहे.

मार्टिन, म्हणजे फ्रेझरचे वडील : हे काम करणारे जॉन महोनी २०१८मध्ये वारले. कथेतही मार्टिनचं निधन झालेलं दाखवलं आणि पात्रांच्या नेहमीच्या बारला ‘महोनीज’ नाव दिलं.

आता सांगा, याला ‘मूळ संचात’ कसं म्हणणार? ‘मूळ संचातील केल्सी ग्रामर, नव्या संचासह’ एवढंच खरं.

मुद्रितशोधक
‘पुनर्’चा घोळ इथेच मिटवू या, कारण हे सगळे शब्द त्यावरच उभे आहेत.

पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की ‘र’ राहतो : पुनरागमन, पुनर्भेट, पुनर्मुद्रण, पुनर्जन्म. पुढे क, ख, प, फ किंवा स आला की विसर्ग : पुनःप्रक्षेपण, पुनःप्रसारण, पुनःस्थापना, पुनःप्रत्यय. ‘पुनर्प्रक्षेपण’ आणि ‘पुनर्प्रसारण’ रोज छापले जातात, पण नियमात बसत नाहीत. च आला की ‘पुनश्च’.

‘पुनरुज्जीवन’मध्ये ज दोन : पुनर् + उज्जीवन. एक ज गाळलेला शब्द मथळ्यात फार दिसतो.

‘पुनर्मिलन’ की ‘पुनर्मीलन’? संस्कृतात मिलन म्हणजे भेटणं आणि मीलन म्हणजे मिटणं (निमीलन, उन्मीलन आठवा). मराठीत भेटीच्या अर्थाने दोन्ही रूपं छापलेली दिसतात. वाद टाळायचा तर ‘पुनर्भेट’ लिहून मोकळं व्हावं.

आणि पुनःप्रक्षेपण म्हणजे जुनेच भाग पुन्हा दाखवणं. त्यात कलाकाराला घराबाहेर पडावं लागत नाही.

शब्दखोर
‘साकारणे’बद्दल. साकार म्हणजे आकाराला आलेलं. भूमिका पहिल्यांदा उभी केली तर ‘साकारली’ शोभतं. वीस वर्षांनी तीच केली तर ‘पुन्हा साकारली’ व्याकरणात बसतं, पण अर्थात ढिलं पडतं, कारण आकार आधीच झालेला आहे. ‘भूमिकेत परतणे’ जास्त नेमकं. बोलीत ‘तेच काम पुन्हा केलं’ छान चालतं. नटमंडळी स्वतः ‘काम’च म्हणतात.

‘वठवणे’ही घ्या, पण सांभाळून. भूमिका वठली तर कौतुक, झाड वठलं तर सरपण. काही रिव्हायव्हलना दोन्ही अर्थ लागू पडतात.

नटाच्या कामाला आपण परकायाप्रवेश म्हणतो. त्या न्यायाने इथे स्वकायाप्रवेश म्हणायला हवं. (छापू नका, फक्त गंमत.)

संहितावाचक
‘पुन्हा’ शब्दाने होणारा घोटाळा यापेक्षा मोठा आहे. ‘ती पुन्हा सुनेच्या भूमिकेत’ याचे दोन अर्थ होतात : जुन्या मालिकेतलीच सून, किंवा वेगळ्या मालिकेतली दुसरी सून. भूमिकेच्या जागी नातं किंवा पेशा लिहिला की हे होणारच. उपाय दोन. पात्राचं नाव घाला : ‘रूपाली गांगुली पुन्हा मोनिशाच्या भूमिकेत.’ नाहीतर ‘तीच’ घाला : ‘त्याच सुनेच्या भूमिकेत.’ ‘तशीच’ आणि ‘तीच’ यांत फरक आहे, आणि सगळी बातमी त्या फरकावर उभी आहे.

हाच घोटाळा ‘पुन्हा एकत्र’ने होतो. ‘दिल दोस्ती दुनियादारी’नंतर २०१७मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, तेव्हा कलाकारांचा गट तोच होता, पात्रं आणि कथा नवी. ‘तीच टीम पुन्हा एकत्र’ हे खरं, ‘जुन्या भूमिकेत परतले’ हे खोटं. त्याच वर्षी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चा दुसरा भाग हॉटस्टारवर आला. मूळ मालिका २००४ची. त्यात सतीश शाह, रत्ना पाठक शाह, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, राजेश कुमार सगळे आपापल्या जुन्या पात्रांत होते आणि कथेतही काही वर्षं उलटलेली होती. हे अस्सल रिप्रीझ. नाव मात्र ‘टेक टू’. चित्रीकरणात ‘टेक टू’ म्हणजे तोच शॉट पुन्हा घेणं, आणि इथे तर कथा पुढची!

उपशीर्षककार
‘एकत्र’वर आणखी एक. ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’चं चौथं पर्व २०१३मध्ये आलं, मूळ संच परतला. पण सगळ्यांच्या तारखा जुळेनात. म्हणून १५ भाग असे लिहिले की प्रत्येक भाग एखाद्याच पात्राभोवती फिरेल, आणि बाकीचे जमेल तेव्हा जमेल तेवढे येतील. कुटुंबाच्या गोंधळावर चालणाऱ्या मालिकेत कुटुंबच एका खोलीत दिसेना. पुढे २०१८मध्ये तेच चित्रीकरण नव्याने जोडून २२ भाग केले. तिथे ‘भूमिकेत परतले’ बरोबर, ‘पुन्हा एकत्र’ शंकास्पद. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’चा एप्रिल २०२०चा विशेष भागही तसाच : पात्रं जुनी, पण प्रत्येक कलाकार आपापल्या घरून.

विचारणा
उपयोगी. मग ‘रोझॅन’ मालिकेचं काय? तिथे तर परतलेल्यांतही प्रकार आहेत.

संहितावाचक
तिथली बेकी हा शब्दचर्चेसाठी बनवलेला नमुनाच आहे. मूळ मालिकेत (१९८८–१९९७) हे पात्र आधी लेसी गोरान्सनने केलं, नंतर सारा चॉकने, मध्येच पुन्हा गोरान्सनने. २०१८मध्ये दोघीही आल्या. गोरान्सन बेकी म्हणून, चॉक अँड्रिया या नव्याच पात्रात. म्हणजे चॉक मालिकेत परतली, भूमिकेत नाही. ‘परतली’च्या आधीचं सप्तमीचं पद गाळलं की बातमी चुकते.

शिवाय १९९७च्या शेवटच्या भागात रोझॅनचा नवरा डॅन मेलेला होता, हे सांगितलं गेलं होतं. २०१८मध्ये जॉन गुडमन डॅन म्हणून जिवंत हजर. ‘विल अँड ग्रेस’नेही जुना शेवट कॅरन या पात्राच्या डोक्यातला खेळ ठरवून बाजूला सारला. याला इंग्रजीत ‘रेटकॉन’ म्हणतात. एका शब्दाचा अट्टहास नको. ‘जुना शेवट रद्द धरला’ हे कुणालाही कळतं.

मे २०१८मध्ये ‘रोझॅन’ रद्द झाली आणि ऑक्टोबरमध्ये उरलेल्या संचाला घेऊन ‘द कॉनर्स’ आली. तीच पात्रं, तेच घर, नाव वेगळं, मुख्य पात्र रोझॅन कथेत मृत. त्याला ‘पुढची मालिका’ म्हणावं. स्पिन-ऑफ म्हणताना दुय्यम पात्राला वेगळा संसार थाटून दिलेला असतो, जसं ‘चीअर्स’मधून ‘फ्रेझर’ निघाली.

शब्दखोर
स्पिन-ऑफला ‘फुटवा’! मूळ खोडाला फुटलेला. ‘उपमालिका’पेक्षा जिवंत आहे.

मुद्रितशोधक
जिवंत आहे, पण मथळ्यात कळणार नाही. मजकुरात एकदा समजावून वापरलात तर हरकत नाही.

‘पर्व’ मोजतानाही घसरायला होतं. ‘विल अँड ग्रेस’ने २०१७मध्ये मोजणी पुढे चालवली : आधीची आठ, मग हे नववं. ‘फ्रेझर’ने नव्याने एकपासून धरली, जुनी ११ पर्वं असूनही. म्हणून २०२३च्या मालिकेला ‘दुसरं पर्व’ लिहू नये. निर्मात्यांनी काय आकडा धरला ते पाहून लिहावं.

राहिलेले दोन शब्द. ‘सहकलाकार’ला मराठीत दोन छटा आहेत : बरोबरीने काम करणारा, आणि श्रेयनामावलीच्या शेवटी येणारा किरकोळ भूमिकांतला. ‘मालिकेचे सहकलाकार परतणार’ म्हटलं की दुसरी छटा वर येते, मुख्य कलाकार येत नाहीत असं वाटतं. ‘त्यांचे सहकलाकार’ असा कुणाचे ते सांगणारा शब्द आधी हवा. दोघंच असतील तर ‘जोडी’ उत्तम. ‘अभिजात’ साहित्याला, भाषेला, संगीताला ठेवा. विनोदी मालिकेतल्या भूमिकेला ‘गाजलेली’ पुरे. ‘अजरामर’ तर नकोच. वीस वर्षांनी परतलेल्या नटाच्या चेहऱ्यावर जरा (म्हातारपण) दिसतच असते, आणि कथाही बहुधा त्यावरच बेतलेली असते.

नाट्यवेडा
एक अवघड उदाहरण राहिलं. ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’च्या सातव्या पर्वात (२००९) ‘साइनफेल्ड’ मालिकेचे चौघे कलाकार आले. त्यांनी भूमिका केली ती स्वतःची, आणि त्या कथेत ते ‘साइनफेल्ड’च्या पुनर्भेटीचा भाग करत होते, त्यात आपली जुनी पात्रंही रंगवत होते. याला काय म्हणणार?

संहितावाचक
नाटकातलं नाटक तसं मालिकेतली मालिका. वाक्य दोन भागांत तोडा : ‘चौघे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, कथेतल्या कार्यक्रमात ते जुनी पात्रंही रंगवतात.’ एका क्रियापदात कोंबायला गेलात की ‘परतले’ येतं आणि कुठे परतले ते हरवतं.

विचारणा
मथळ्याला मात्र सहा शब्दांच्या वर जागा नसते.

मुद्रितशोधक
पुरते. रिव्हायव्हल : ‘मूळ संच परतला, कथा मात्र नवी’. रियुनियन : ‘कलाकार भेटले, पात्रं नाही’. रीबूट : ‘नाव जुनं, माणसं नवी’. एकट्या कलाकाराचं रिप्रीझ : ‘ग्रामर पुन्हा फ्रेझरच्या भूमिकेत’. पाहुणे, रिप्लेसमेंट, न आलेले यांची यादी पहिल्या परिच्छेदात द्या, तिसऱ्यात नको. चाहते आधी तेच शोधतात.