सर्चमध्ये नावावर दोनदा बोट लावावं लागते, काय करावं?

दारव्हा_कृषीवाला
भाऊहो, गावात आमचं कृषी केंद्र आहे, बियाणं-खत-फवारणीची औषधं. पुतण्यासोबत मालाच्या यादीचं छोटं ॲप केलं, रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवायच्या साधनात, गिऱ्हाईक घरूनच माल आहे का ते पाहीन म्हणून. आता सर्चमध्ये 'तूर' टाकलं की खाली नावं येतात, पण नावावर बोट लावलं की पहिल्यांदा नुसता कीबोर्ड खाली जाते, दुसऱ्यांदा लावलं तेव्हाच उघडते. अन् शेवटची नावं कीबोर्डामागं दबून राहतात. मागच्या हप्त्यात एका बाबांना पाहिजे ते बियाणं दिसलंच नाही, माल नसंन असं समजून ते दुसऱ्या गावी गेले, पोतं आमच्या दुकानातच होतं. लय वाईट वाटलं. मृग लागायच्या आधी हे नीट करायचं आहे.

कोडवाला_पुसद
रिॲक्ट नेटिव्हमधल्या फ्लॅटलिस्ट (यादी दाखवणारा भाग) अन् स्क्रोलव्ह्यूला (सरकणारा भाग) 'कीबोर्ड शुड पर्सिस्ट टॅप्स' नावाची सेटिंग असते, ती मुळात 'नेव्हर'वर (कधीच नाही) राहते. म्हणून कीबोर्ड उघडा असताना पहिलं बोट तो बंद करण्यातच जाते, नावापर्यंत पोचतच नाही. 'हँडल्ड' करा. यादी दुसऱ्या स्क्रोलव्ह्यूच्या आत असंन तर बाहेरच्यालाही द्या, माझे दोन दिवस यातच गेले होते. दबलेल्या नावांसाठी 'कीबोर्ड डिसमिस मोड' 'ऑन ड्रॅग' ठेवा, यादी सरकवली की कीबोर्ड आपोआप जाते.

मास्तर_वाशीम
हे झालं तरी बाबांना नाव सापडंन याची खात्री नाही भाऊ, मराठीचं पण पाहा. 'ॲसिफेट' या फवारणीच्या औषधाचंच नाव पाहा. कोणी ॲ टाकते, कोणी जुन्या सवयीनं ऍ, कोणी अ लिहून वर चंद्र देते. वाचणाऱ्याला एकच, कॉम्प्युटरले तिन्ही वेगळे. ॲ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांची जागतिक यादी) २००८ ला ५.१ आवृत्तीत आला, त्याच्या आधीचं टायपिंग तसंच चालू आहे, अन् तयार नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची सोय) या तिघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागते, यादीतल्या नावालाही अन् टाकलेल्या शब्दालाही. तूर-तुर, कापूस-कापुस पण तसंच, शोधताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, दाखवताना मात्र शुद्ध दाखवा. अन् आपल्याकडे कापूस कोण म्हणते, पऱ्हाटी म्हणतात! पराटी, पऱ्हाटी, दोन्हीवर कापसाचं बियाणं आलंच पाहिजे.

ताई_अकोट
एक राहिलं. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांच्या खोक्यात शब्द निवडेपर्यंत 'टी यू आर' असंच राहते. तेवढ्यात 'काही सापडलं नाही' दाखवू नका, थोडं थांबा, ३०० मिलिसेकंद तरी, अन् इंग्रजी स्पेलिंगही यादीत ठेवा. माझ्या आईनं तेवढं वाचूनच फोन ठेवून दिला होता.

दारव्हा_कृषीवाला
'हँडल्ड' केलं, एका बोटात उघडते. बाहेरचा स्क्रोलव्ह्यूच होता कारण. पऱ्हाटीचं काल रात्री बसून टाकलं, अन् आज बाबांच्याच फोनवर त्यांनाच टाकायला लावलं, त्यांनी 'पराटी' लिहिलं, आलं. मास्तर, ॲ-ऍ आज करतो. ताई, इंग्रजी स्पेलिंग पुतण्या लिहून राहिला, दोनशेच्या वर नावं आहेत, दोन दिवस लागतीन.