मुका मार: आधी गार, मग गरम

मुका मार लागला की गरम हळदीचा लेप लावून चोळून काढा असं सांगतात, त्यातलं चोळणं आणि पहिल्या दोन दिवसांतली गरमी दोन्ही टाळा. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपत असतं, त्यात चोळलं की डाग पसरतो. ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरून मांडीला मार बसला तर बर्फ किंवा फ्रीझरमधली मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून १५ मिनिटं धरा, दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीवर नको, कातडी भाजल्यासारखी होते. पाय उशीवर उंच. शेक दोन दिवसांनी, कोमटच. दुखलं तर पॅरासिटामॉल. डाग जांभळ्याचा हिरवा, मग पिवळा झाला म्हणून घाबरू नका, रक्तातला लाल रंग विघटित होतोय. दोनेक आठवड्यांत जातो.

पुण्यात पावसाळ्यात एक मात्र बघाच: ताप आहे आणि न लागताच काळेनिळे डाग किंवा दाबूनही न फिकटणारे लाल ठिपके उठलेत, तर डेंगीसाठी लगेच डॉक्टर गाठा, आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी अजिबात घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांच्या डोक्याला मार लागला, तर टेंगूळ नसलं तरी दवाखान्यात न्याच. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.