पाखराचा पाय दुखावला तेव्हा (अनुभव धागा)

सांजवात
आज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक साळुंकी आली. एकच पाय. दुसरा अर्ध्यातूनच नव्हता. पोळीचा तुकडा टाकला तर पंख फडफडवून तोल सावरला, तुकडा टिपला आणि गेली. तव्यावरची पोळी करपली, मी तिथेच उभी. डोळ्यांसमोर आमचा लिंबू.

लिंबू म्हणजे बजी, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, पिवळाधमक, ३५ ग्रॅम वजनाचा. २०१५ च्या पावसाळ्यात त्याच्या दोरीच्या झोपाळ्याचा एक धागा सुटला आणि रात्रीत पायाला आवळला. सकाळी बघते तर पंजा जांभळा, सुजून दुप्पट, धागा कातडीत रुतलेला. सुटायच्या धडपडीत हाडही मोडलं होतं. जवळच्या डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, "अहो, तीनशे रुपयांत नवीन मिळेल." रिक्षात बसून रडले मी. आजही ते वाक्य आठवलं की घसा दाटतो.

संध्याकाळी पाखरं बघणारे एक डॉक्टर सापडले. त्यांनी भिंग लावून धागा कापला आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी एकमेकींवर दाबून पट्टी बसवली. तीन आठवडे! पिंजऱ्यातल्या काड्या काढल्या, खाली टॉवेल, राळे बाटलीच्या झाकणात, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दुपारी चारला तो सरपटत दारापाशी यायचा आणि माझ्या तळव्यात झोपायचा. दोन बोटं काळी पडून वाळून गळली, पण हाड सांधलं. चढताना चोचीचाच तिसरा पाय करायचा. त्यानंतर चार वर्षं होता.

तुमच्याकडे असं कुणी होतं का? बरं झालेलं, न झालेलं, सगळं लिहा.

चहा दोन कप
अगं बाई. तीनशे रुपयांत नवीन म्हणे. माणसं बोलतात तरी कशी.
आमचा कॉकटेल (तुऱ्याचा पोपट, कॉकॅटील) रात्री अंधारात दचकून पिंजराभर आपटायचा. एकदा नख जाळीत अडकून मुळापासून निघालं. रक्त बघून नवरा घाबरला, मी कॉर्नफ्लोर दाबून धरलं तेव्हा थांबलं. डॉक्टर म्हणाले एवढ्याशा जिवात रक्त असतं किती, थेंब मोजावे लागतात. तेव्हापासून रात्रभर शून्याचा दिवा. पुन्हा नाही आपटला. कुकर झाला, येते नंतर.

लाल माती
आमच्या आजीकडे कोंबडीचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या तासून, वर जुन्या लुगड्याची चिंधी. कोंबडी ओरडायची आणि आजी तिलाच "गप रव गो, गप रव" म्हणत स्वतः रडायची. टोपलीखाली पंधरा दिवस. त्यातली एक नंतर लंगडत आजीच्या मागे मागे विहिरीपर्यंत जायची. ती मेल्यावर तिला पेरूखाली पुरली. आजी गेली त्यालाही आता १२ वर्षं झाली. घर बंदच आहे.

निवांत गच्ची
लिंबूचा फोटो टाका ना.

आंबेमोहर
ताई, फार बरं झालं हा धागा आत्ता आला. आमचा बजी कालपासून उजवा पाय टेकवतच नाहीये. पडलेला नाही, धागा नाही, रक्त नाही. शेजारच्या काकू म्हणतात क्रोसिनचा थेंब द्या आणि हळद-तेल लावा. देऊ का? मुलगा सकाळपासून जेवला नाही.

सांजवात
आंबेमोहर, क्रोसिन अजिबात नको! माणसांचं कुठलंच दुखण्याचं औषध नको. तेलही नको, पिसं चिकटली की त्याला ऊब धरता येत नाही. काड्या खाली आणा, दाणा-पाणी तोंडाशी ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. पकडताना छाती दाबू नका. त्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छाती हलली तरच श्वास. मान दोन बोटांमध्ये सैल धरा, अंग फडक्यात.

कोरा कागद
मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे. टॅक्सीवाल्याला एवढंच नाव सांगा.

पाऊलखुणा
मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. आमच्या निळ्याचंही असंच झालं, काही न लागता एक पाय लुळा. आम्ही महिनाभर मुरगळला असेल म्हणून थांबलो. निघाली मूत्रपिंडाजवळची गाठ. ती पायाकडे जाणारी शीर दाबते, म्हणून दुखणं पोटात आणि लंगडणं पायात. बजींमध्ये हे बऱ्याचदा दिसतं म्हणाले. दोन महिने राहिला. शेवटी दोन्ही पाय गेले तेव्हा मी त्याला जुन्या लोकरी टोपीत ठेवायचे आणि मटार भरवायचे, तेवढेच खायचा. आंबेमोहर, तुमच्याकडे तसंच असेल असं नाही. पण थांबू नका एवढंच.

चहा दोन कप
पाऊलखुणा, मिठी. 🙏

कोरा कागद
राळे चांगले मिळतात का हल्ली कुठे? दुकानात दिलेल्या पाकिटात अर्धा भुसा निघतो.

लाल माती
मंडईत किंवा जुन्या किराणा दुकानात सुटे मागा.

विळी-पाट
राळे म्हटल्यावर मला भोगी आठवली. आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात, तिळाची भाकरी, मिसळीची भाजी. सासूबाई पहिला घास गच्चीत चिमण्यांना ठेवायच्या. आणि दुसऱ्याच दिवशी संक्रांतीला त्याच गच्चीत मांज्यात अडकलेलं कबुतर सापडलं होतं. दोन्ही पाय एकत्र बांधल्यासारखे. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीला गच्चीत गुंता सापडतोच. मी आता पिशवी घेऊन फिरते आणि गोळा करते. केसांचे गुंतेसुद्धा खिडकीतून टाकू नका गं, कबुतरांची बोटं त्यानेच जातात.

निवांत गच्ची
मिसळीची भाजी म्हणजे आमची लेकुरवाळी ना? पाककृती द्या.

विळी-पाट
हो तीच. उद्या लिहिते.

घरटं
मी सांगलीहून. माझ्याकडे बजींची जोडी अंडी घालते. मागच्या वर्षी एका पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकलेले, बेडकासारखे. चूक माझीच होती, पेटीचा तळ गुळगुळीत प्लायवूडचा, पायाला पकडच नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडर लावायच्या स्पंजला दोन भोकं पाडली आणि पाय त्यात घातले. दोन आठवड्यांचं होतं, हाडं अजून मऊ. रोज काढून बघायचं, साफ करायचं. दहाव्या दिवशी उभं राहिलं. मी एकटाच होतो घरी, कुणाला सांगू कळेना, आईला फोन केला. आता पेटीत भुसा घालतो आणि मादीला कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम टांगलेला.

अजून एक. दुखऱ्या पायापेक्षा चांगल्या पायाकडे लक्ष ठेवा, सगळा भार त्याच्यावर येतो. प्लॅस्टिकच्या एकसारख्या काड्यांवर बसून तळव्याला घट्टे पडतात, मग जखम. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा.

दूरदेशी
मेलबर्नहून. इथे ऑस्ट्रेलियाच्या मध्य भागात वाळवंटाकडे गेलो होतो तेव्हा रानातले बजी पाहिले. सगळे हिरवेच. हजारोंचा थवा एकदम वळतो. लेकीने विचारलं, यातल्या एखाद्याचा पाय दुखला तर कोण बघतं? मला उत्तर देता आलं नाही.

पिंपळपार
आमच्या सोसायटीत हिरवा पोपट पडला होता, पाय मोडलेला. मुलांना ठेवून घ्यायचा होता. पण देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. १९२६ वर वन विभागाला फोन केला, संध्याकाळी येऊन घेऊन गेले. मुलांनी खोक्याला भोकं पाडून आत पेरूची फोड ठेवली होती.

आंबेमोहर
आत्ता आलो. वजन ३३ ग्रॅम. एक्स-रे काढला, गाठ नाही. हाडाला बारीक चीर आहे. पट्टी बसवली, औषध दिलंय, तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं.

परत येताना रिक्षात मुलगा एकदम रडायला लागला. काल शाळेची बस आली म्हणून घाईत पिंजऱ्याचं दार लावलं आणि पाय मध्ये आला. भीतीने बोलला नव्हता. मी त्याला जवळ घेतलं. त्याने मांडीवरचं खोकं घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आता जेवला.

पाऊलखुणा
किती सुटल्यासारखं वाटलं वाचून. लेकराला माझ्याकडून पापा द्या.

घरटं
पट्टी चोचीने ओरबाडेल, पहिले दोन दिवस जास्त. सैल झाली तर स्वतः आवळू नका, घेऊन जा. पंजाचा रंग बघत राहा.

आंबेमोहर
हो. कोपऱ्यात बसून राळे खातोय. मुलगा बाजूला गादी टाकून झोपला. दिवा बंद करू का?

चहा दोन कप
नको नको. शून्याचा ठेवा.